रस्त्यावरील मृत्यू आणि कुटुंबाचा हक्क



कोलकात्याच्या खाजगी बसवर काम करणाऱ्या चालकाला आणि कंडक्टरला ठरावीक मासिक पगार मिळत नाही, ही या शहरातील अनेक दशकांची रीत आहे. दिवसभरातील तिकीटविक्रीचा काही हिस्सा कमिशन म्हणून हाती पडतो, तीच त्यांची मजुरी. थांब्यावरचे प्रवासी पुढच्या गाडीने उचलले की मागच्या गाडीच्या चालकाची मजुरी बुडते, म्हणून गाड्या एकमेकींना मागे टाकण्यासाठी धावतात. बंगालीत या चढाओढीला ‘रेषारेषी’ म्हणतात. हा शब्द वृत्तपत्रांतून असा वापरला जातो की जणू ती चालकांच्या स्वभावातलीच खोड आहे! नोव्हेंबर २०२४ मध्ये सॉल्ट लेक भागात अशाच चढाओढीत एका शाळकरी मुलाचा बळी गेला, तेव्हा कुठे कमिशनपद्धती बंद करण्याची भाषा सरकारदरबारी ऐकू आली. ‘सेफ ड्राइव्ह, सेव्ह लाइफ’ ही राज्य सरकारची मोहीम मात्र २०१६ पासूनची आहे. फलकावरचा उपदेश चालकाला केला जातो. मजुरीची पद्धत मालक ठरवतो.

अपघात झाल्यानंतर प्रश्न कुटुंबाचा येतो, आणि येथे वाहतुकीचा कायदा व कौटुंबिक कायदा एकमेकांत गुंततात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे मृताचे ‘कायदेशीर प्रतिनिधी’ भरपाई मागू शकतात. परंतु प्रतिनिधी कोण? पश्चिम बंगालमधील एका विवाहित मुलीने वडिलांच्या अपघाती मृत्यूबद्दल दावा केला, तेव्हा ती वडिलांवर अवलंबून नव्हती या कारणास्तव कलकत्ता उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. लग्न झाले, मुलगी परक्या घरची झाली, हा जुनाच न्याय! सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २००७ रोजी हा निर्णय फिरवला. कायदेशीर प्रतिनिधी असणे आणि अवलंबून असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले, आणि चूक कोणाची हे न पाहता द्यावयाची कलम १४० खालील ५०,००० रुपयांची रक्कम तिला मिळाली. रक्कम लहान, तत्त्व मोठे. तरीही २०२० साली एका आईच्या मृत्यूनंतर तिच्या विवाहित, स्वतः मोलमजुरी करणाऱ्या मुलग्यांना याच न्यायालयाने बव्हंशी आईवर अवलंबून मानले आणि अवलंबित्वाच्या हिशेबाने भरपाई दिली. दोन्ही प्रकरणांतील वस्तुस्थिती वेगळी होती हे खरे. पण विवाहित मुलीच्या दाव्यात हा पुरावा गोळा करण्याचे कष्ट वकीलमंडळी क्वचितच घेतात.

गृहिणीची कथा याहून कठोर आहे. १९९४ साली कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टात न कमावणाऱ्या व्यक्तीचे काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरले होते, आणि न कमावणाऱ्या पती वा पत्नीचे मोल कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. महागाई कितीही वाढली तरी हे आकडे २०१८ पर्यंत जागचे हलले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामाचे मोल मान्य करताना २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला: बिनमोबदला घरकामात स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवतात, पुरुष ९७.

आता दुसऱ्या बाजूचे कुटुंब पाहावे. चढाओढीत चालकच दगावला आणि चूक त्याचीच ठरली, तर त्याच्या वारसांचा कलम १६६ खालील दावा टिकत नाही. त्यांच्यासाठी मार्ग होता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा, ज्यात मृत्यूच्या बाबतीत कामगाराची चूक आड येत नसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. पण कायदा कोणताही असो, मृत माणूस अमुक मालकाचा नोकर होता हे विधवेलाच सिद्ध करावे लागते, आणि कमिशनवरच्या चालकाजवळ नेमणूकपत्र कुठले? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. एक गाडी, एक चालक, एक-दोन कंडक्टर, अशा मालकाला त्याची झळ लागण्याचे कारणच नव्हते. अवलंबितांच्या यादीतही प्रौढ विवाहित मुलीला स्थान नव्हते.

मुंबईतील साथींना हे दूरचे वाटू नये. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात माणसे चिरडणारी बस बेस्टच्या नावाने धावत होती, पण गाडी आणि चालक कंत्राटी कंपनीचे होते.

तेव्हा वाहतूक कामगारांच्या शाखांनी काही कामे तातडीने अंगावर घ्यावीत. चालकाच्या हाती लेखी काही नसेल तर दैनंदिन हिशेबाच्या चिठ्ठ्या, मालकाने केलेल्या भरण्याच्या नोंदी आणि सहकाऱ्यांच्या साक्षी जपून ठेवाव्यात. नोकरीचा पुरावा म्हणून त्याच उपयोगी पडतात. अपघातग्रस्त कुटुंबाला प्राथमिक माहिती अहवालाची प्रत पहिल्या आठवड्यातच मिळवून द्यावी. दावा दाखल करण्याची मुदत १९९४ साली काढून टाकण्यात आली होती. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घालण्यात आली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरी त्या भरवशावर कोणी दिवस घालवू नयेत. अर्जावर विधवेबरोबर विवाहित मुलींचीही नावे घालावीत, आणि मृत स्त्री असेल तर तिच्या कामाच्या रकान्यात ‘काही नाही’ असे कोणी लिहू नये.