पिसांच्या रंगाचा हिशेब



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हिशेब विचारण्याची आम्हांला खोड. शिवथरच्या बाईने पदरमोड करून दहा पिले आणावीत, महिनोन्‌महिने कणी घालावी आणि सात कोंबडे निघावेत, हा तोटा कोणी सोसायचा?

उत्तर पिसांत आहे. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडीला लावा. पट्ट्याचा गुण ज्या गुणसूत्रावर असतो, ते कोंबडी केवळ नर पिलांना देते. म्हणून अंडे फुटताच ज्याच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका, तो कोंबडा. बिनठिपक्याची ती तलंग. जोडी उलटी लावाल, तर सगळ्यांनाच ठिपका!

मंडळी, पिले घेताना आईबापांचा रंग विचारा. विचारल्यावाचून हिशेब कोणी देत नाही.