शेणखताची गाडी आणि युरियाचे पोते

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी शेतीतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आणि तीस वर्षे बातमीदारीत घालविलेला माणूस. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो आहे, कारण त्यात माझे थोडे प्रायश्चित्तही आहे. काही वर्षांपूर्वी रासायनिक खतांविरुद्ध मी एक घणाघाती लेख लिहिला. युरियाला त्यात सरळ विष म्हटले. लेख गाजला. आमचे दादा गावी वडिलोपार्जित काळी जमीन कसतात. त्यांनी तो वाचला आणि पुढच्या खरिपात चार एकरांत युरियाचा एक दाणाही टाकला नाही. उकिरड्यात होते तेवढे शेणखत विस्कटले. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि पिवळी पडली. दादा मला काही बोलले नाहीत. वहिनींनी मात्र विचारले, "भाऊजी, त्या लेखाचे मानधन किती मिळाले होते हो?"

त्या प्रश्नानंतर मी अभ्यासाला लागलो.

पहिला धडा साध्या हिशेबाचा होता. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात जवळजवळ २१ किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ते साधारण अर्धा टक्का. एका पोत्याइतके नत्र शेणखतातून द्यायचे तर चार टनांहून अधिक खत हवे, आणि त्यातलेही पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला थोडेच येते. बाकीचे सावकाश सुटत राहते. दादांच्या गोठ्यात एके काळी आठ जनावरे होती, आता एकच गाय आहे. शिवाय ते खत काडीकचऱ्याचे आणि अर्धकच्चे होते. असे खत कुजविताना जिवाणू मातीतलेच नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. हुमणीचा उपद्रव झाला तो वेगळाच.

मग माझा लेख सर्वस्वी खोटा होता काय? तसेही नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली दीर्घकालीन खत प्रयोगांची एक मालिका सुरू केली. देशातील निरनिराळ्या मातींत, त्याच वाफ्याला वर्षानुवर्षे तेच खत द्यायचे आणि पीक व माती दोन्ही मोजत राहायचे, असे तिचे स्वरूप. हिमाचलातील पालमपूर आणि झारखंडमधील रांची येथील जमिनी मुळातच आम्लधर्मी. तेथे ज्या वाफ्यांना केवळ नत्र मिळाले, त्यांचा सामू घसरत गेला, स्फुरद आटले, विद्राव्य झालेल्या ॲल्युमिनियमने मुळांना इजा केली. पालमपूरला तर त्या वाफ्यांत मका-गहू जवळजवळ येईनासे झाले. त्याच शेतात नत्र, स्फुरद, पालाश आणि जोडीला शेणखत मिळालेले वाफे मात्र टिकून राहिले.

आपल्या अकोल्यालाही, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, काळ्या जमिनीत ज्वारी-गव्हावर या मालिकेतील प्रयोग चालतो. संतुलित रासायनिक खत अधिक शेणखत, या जोडीने तेथेही उत्पन्न आणि सेंद्रिय कर्ब या दोहोंत बाजी मारली. पण या प्रयोगमालिकेतील आणखी एक निष्कर्ष माझ्यातल्या लेखकाला अवघड गेला. नुसते रासायनिक, परंतु संतुलित खत मिळालेले वाफे ओसाड झाले नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्यांतील कर्ब काहीच न दिलेल्या वाफ्यांपेक्षा थोडा जास्तच आढळला. कारण उघड आहे. पीक भरघोस आले की मुळे आणि धसकटे मातीत अधिक राहतात. दोष खताचा कमी आणि एकट्या युरियावर विसंबण्याचा अधिक. एप्रिल २०१० पासून पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातून युरिया वगळला गेला. तो स्वस्त राहिला, स्फुरद-पालाश महागले. शेतकऱ्याने काय उचलावे, हे दरानेच ठरविले.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तेथे रासायनिक खताचे आणि शेणखताचे वाफे कित्येक दशके जवळपास सारखाच गहू देत राहिले. परंतु शेणखताच्या वाफ्यातील सेंद्रिय कर्ब इतरांच्या दुपटीहून अधिक झाला. मातीत काय चालले आहे, ते खळ्यावरच्या राशीवरून लगेच कळत नाही.

आपल्या काळ्या मातीपुरते सांगतो. ती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी. वर फेकलेल्या युरियातील नत्राचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो, आणि स्फुरद चुन्याशी बांधले जाऊन मुळांना मिळत नाही. कुजलेला सेंद्रिय पदार्थ अमोनियाला धरून ठेवतो, त्यातील आम्ले स्फुरद मोकळे करतात, जस्त आणि लोहही थोडेथोडे मिळते. चिकणमातीचे कण त्याने रवाळ होतात, ढेकळे सहज फुटतात, पाणी मुरते, वापसा लवकर येतो. हे काम कोणत्याही पोत्यातून होत नाही. उलट, फुटव्याच्या वेळी पिकाला एकदम लागणारी नत्राची भूक उकिरडा भागवू शकत नाही. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि काही महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये, निर्णय मागे घेतला. तोवर भाताचे आणि चहाचे व्हायचे ते नुकसान झाले होते.

आपण भूमातेला वंदन करणारी माणसे. पण वंदनाने कर्ब वाढत नाही, आणि तुरीच्या काड्या बांधावर पेटवून तर नाहीच नाही.

दादांनी आता खताचा खड्डा आंब्याच्या सावलीत हलविला आहे. महिन्यातून एकदा ते खत उलथतात, उन्हाळ्यात पाणी शिंपडतात. शेणखत कमी पडते म्हणून दोन एकरांत आलटून पालटून ताग गाडतात. युरिया दोन हप्त्यांत, मातीआड करून देतात, आणि स्फुरद पेरणीबरोबर. पहिल्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 'कमी' या रकान्यात होता. दुसऱ्यांदाही तेथेच होता. एवढ्या लवकर तो हलत नाही, असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. तिसरा नमुना येत्या मे महिन्यात, नांगरटीआधी काढायचा आहे. त्या वेळी मी गावी यावे आणि खड्डे मी खणावेत, असा वहिनींचा निरोप आहे.