जड ट्रक आणि गावचा रस्ता



आज रस्त्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत. प्रश्न साधा आहे. गावातून जड ट्रक जाऊ द्यावेत का? द्यायचे तर कोणते, केव्हा आणि किती ओझ्याचे?

गावात पक्का रस्ता आला की सगळ्यांना आनंद होतो. बाजाराला जाणे सोपे होते. बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात नेता येते. पण बघता बघता त्याच रस्त्याने खडीचे, वाळूचे, मुरमाचे डंपर सुरू होतात. कुठे जवळपास दगडखाण निघालेली असते. कुठे हमरस्त्यावरचा टोल चुकवायला ट्रकवाले गावातली वाट धरतात. दोन पावसाळ्यांत रस्त्याची चाळण होते. मग आपण म्हणतो, ठेकेदाराने पैसे खाल्ले. कधी ते खरेही असते. पण दर वेळी दोष त्याचाच नसतो.

मग रस्ता फुटतो कशाने? ते नीट समजून घेऊ.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्यातला नेहमीचा रस्ता ३.७५ मीटर रुंद असतो, म्हणजे सुमारे १२ फूट. ट्रक २.६ मीटरपर्यंत रुंद असतो, म्हणजे साडेआठ फूट. उरले किती? चार फूटसुद्धा नाही! तेवढ्यातून शाळेत जाणारी पोरे चालणार, डोक्यावर भारा घेतलेली बाई चालणार. समोरून दुसरा ट्रक आला तर एकाला चाक डांबराखाली घालावे लागते. तिथे साइडपट्टी खचते. डांबराची कड तुटते. तुटलेल्या कडेतून पाणी आत शिरते. आणि रस्ता काळ्या मातीवर असला तर विचारूच नका. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वर डांबर कितीही चांगले असो, खालचा पायाच मऊ झाला तर ते टिकणार कसे?

आता ओझ्याचा हिशेब बघा. चाकांच्या जोडीला जोडणारा जो दांडा, त्याला आस म्हणतात. बैलगाडीला एक आस. साध्या ट्रकला दोन. मोठ्या डंपरला तीन किंवा चार. एकेका आसावर किती भार पडतो, त्यावर रस्त्याचे आयुष्य ठरते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात याची मोठी परीक्षा झाली. मुद्दाम रस्ते बांधले आणि त्यांवर हलके व जड ट्रक सारखे फिरवले. काय दिसले? आसावरचा भार दुप्पट केला, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही. ती सुमारे १६ पट होते! भार दीडपट केला तरी झीज सुमारे पाचपट होते. म्हणजे जादा माल भरून मालक एखादी फेरी वाचवतो, आणि आपला रस्ता पाच फेऱ्यांचा मार खातो. नफा त्याचा, खड्डे आपले.

मग काय, ट्रकच बंद करायचे? तसे म्हणून चालणार नाही. घराला सिमेंट ट्रकनेच येते. शेताला खत ट्रकनेच येते. आपला कांदा, आपला ऊस ट्रकनेच जातो. डंपर चालवणारा पोरगाही कुणाच्या तरी घरचाच असतो.

गोव्याची गोष्ट ऐका. तिथे लोहखनिजाच्या खाणी आहेत. खनिज ट्रकने मांडवी आणि झुआरी नद्यांच्या धक्क्यांवर जाई. तिथून बार्जने मुरगाव बंदराला जाई. तेजीच्या वर्षांत सावर्डे-कुडचडे भागात रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागत. घरांवर तांबडी धूळ बसे. लोक संतापत. पण त्यांतले कितीतरी ट्रक गावकऱ्यांनीच कर्ज काढून घेतलेले होते. २०१२ साली बेकायदा खाणकामाच्या प्रश्नावरून सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. रस्ते मोकळे झाले, पण ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते थकले. धूळ खाणारे आणि ट्रकवर पोट भरणारे एकाच गावचे होते.

यातून आपण काय घ्यायचे? मोकाट ट्रक नकोत, आणि सरसकट बंदीही नको. वेळेवर शिस्त हवी.

ही शिस्त लावायला कायदा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे ११५ वे कलम लक्षात ठेवा. लोकांच्या सुरक्षिततेसाठी, किंवा रस्ता अगर पूल जड गाडीला योग्य नसेल तर, सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी तिथे जड वाहनांना बंदी करू शकतो. सगळा वेळ बंदी करता येते, ठरावीक तासांपुरतीही करता येते. त्यात सवलतीही ठेवता येतात. हुकूम निघाला की तसा फलक लावावा लागतो. लाल वर्तुळात ट्रकचे चित्र दिसले, की ट्रकला मनाई समजावी.

जादा ओझ्यालाही दंड आहे. दोन आसांच्या ट्रकला २०१८ पासून मालासकट १८.५ टनांची मर्यादा आहे. कागदावर लिहिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त माल भरला, तर २०,००० रुपये दंड. शिवाय जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये. आणि जादा माल उतरवल्याशिवाय ट्रक पुढे नेता येत नाही.

आता तुम्ही काय करायचे? ट्रक अडवून ड्रायव्हरशी मारामारी करायची नाही. तो पोटासाठी आलेला माणूस. तुम्हाला आता लिहिता येते, तर लेखणी हातात घ्या. एक वही करा. चौघाचौघांनी पाळीने पारावर बसा. आठवडाभर गाड्या मोजा. तारीख लिहा, वेळ लिहा, गाडीचा नंबर लिहा, माल कोणता ते लिहा. शाळा भरताना किती ट्रक गेले, सुटताना किती गेले, ते वेगळे लिहा. “लई ट्रक येतात हो” असे साहेबाला सांगितले तर तो मान हलवील. आकडे पुढे ठेवले तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

मग रस्ता कोणाचा ते विचारा. ग्रामपंचायतीचा आहे, जिल्हा परिषदेचा आहे, की सार्वजनिक बांधकाम खात्याचा? त्यानंतर ग्रामसभेत ठराव करा. ठरावात मागणी स्पष्ट लिहा. शाळेच्या वेळेत आणि बाजाराच्या दिवशी जड ट्रक नकोत. पावसाळ्यात ओझ्याला मर्यादा हवी. एस. टी., रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि गावचाच माल नेणारी गाडी यांना सूट हवी. ट्रकांनी दुसरी कोणती वाट धरावी तेही सुचवा. मात्र आपला धोंडा शेजारच्या गावाच्या गळ्यात बांधू नका. त्यांनाही बोलवा, दोघे मिळून ठरवा.

ठराव आणि वहीची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. एकेक प्रत पोलिसांना आणि आर. टी. ओ. कचेरीला द्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. महिनाभरात उत्तर आले नाही, तर पोच दाखवून पुन्हा विचारा.

रस्ता सर्वांच्या पैशाने होतो. त्यावर शाळेत जाणाऱ्या पोराचा हक्क आधी, मग खडीच्या ढिगाचा. तो हक्क लिहून मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा. उद्यापासून वही सुरू करा.