चालू करू नका, आधी झाकण काढा

साताऱ्या-सांगलीकडे भंगाराच्या दुकानात जुना ३८६ दिसला, की लोक पहिलं विचारतात, "चालू होतो का?" मी म्हणतो, चालू करूच नका! आधी झाकण काढा. मदरबोर्डवर बऱ्याचदा निळी, छोट्या पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती पाझरली, की तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. थोडंच असेल तर बॅटरी कापून काढायची आणि डाग व्हिनेगरने पुसायचा. निम्मा बोर्ड हिरवा असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा.

मग आयएसए स्लॉट बघा. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड दिसलं, तर घासाघीस न करता घ्या. ते बसवलं की डॉसमधल्या वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्येही देवनागरी लिहिता यायची. आजच्या मशीनला आयएसए स्लॉटच नसतो, म्हणून कार्डाबरोबर आख्खा डबा उचला.

आणि फ्लॉप्या! भंगारवाला त्या फुकट देईल. त्यात एखाद्या कचेरीच्या याद्या, कुणाची पत्रं इस्कीमध्ये साठवलेली असू शकतात. युनिकोडवाल्या नोटपॅडमध्ये ती नुसती गिचमिड दिसते. पुसू नका, आधी कॉपी काढा. बुरशी धरलेली फ्लॉपी मात्र ड्राइव्हमध्ये घालायची नाही, हेड खराब होतं.