मुखरोगाच्या पायऱ्या आणि मनाच्या पायऱ्या

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि सहभोजन यांच्या मधल्या वेळात दातांच्या रोगांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. जेवणाआधी हा विषय कशासाठी, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु दंतवैद्यकाच्या व्यवसायात रुग्णांची तोंडे पाहता पाहता आमची अशी खात्री होत गेली, की मुखरोग हा केवळ दातांचा रोग नव्हे. माणूस आयुष्याच्या ज्या पायरीवर उभा असतो, त्या पायरीवरील त्याच्या मनाची गरज त्या रोगात डोकावत असते. आपल्या भाषेने हा संबंध पूर्वीच ओळखला आहे. पोरकट माणसाचे 'दुधाचे दात अजून पडले नाहीत' असे आपण म्हणतो, आणि सतराव्या-अठराव्या वर्षानंतर येणाऱ्या दाढेस 'अक्कलदाढ' म्हणतो.

प्रथम रोगाच्या पायऱ्या पाहू. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. त्याच ग्रंथात रोगाच्या वाढीच्या संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद अशा सहा अवस्था वर्णिल्या असून, दोष संचयातच दूर करावा असा उपदेश केला आहे. आधुनिक दंतशास्त्राची भाषा निराळी, पण बोध तोच आहे. दाताची कीड प्रथम एका पांढुरक्या डागाच्या रूपाने प्रकट होते. त्या वेळी नीट स्वच्छता राखली, गोड कमी केले आणि फ्लोराइडचा उपयोग केला, तर तो डाग भरून येऊ शकतो. मात्र दाताच्या कवचाला संवेदना नसल्यामुळे तेव्हा काहीच दुखत नाही. कीड आतल्या थरात गेली की थंड व गोड झोंबू लागते, गाभ्यात पोचली की रात्रीची झोप उडते, आणि शेवटी मुळाशी पू होतो. तात्पर्य, रोग परत फिरण्याजोगा असतो तेव्हा तो मुका असतो. म्हणून त्याची वाट न पाहता आपणच त्याच्याकडे पाहिले पाहिजे.

आता मनाच्या पायऱ्या. फ्रॉइडने बालपणाचा पहिला कालखंड मुखाशी जोडला होता. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या ग्रंथात मानवी जीवनाच्या आठ अवस्था मांडल्या. प्रत्येक अवस्थेत मनापुढे एक प्रश्न उभा असतो, व त्याचे उत्तर घरातून आणि समाजातून मिळावे लागते, असे त्याचे म्हणणे. याच एरिक्सनने पुढे महात्माजींच्या अहमदाबादच्या गिरणी-लढ्यावर १९६९ साली ग्रंथ लिहिला. या आठांपैकी चार पायऱ्यांवर आपण क्षणभर थांबू.

पहिली पायरी तान्ह्या बाळाची. हे जग विश्वासाचे आहे काय, हा त्याचा प्रश्न. सहाव्या महिन्याच्या सुमारास आपण उष्टावण करतो, आणि बहुधा त्याच सुमारास पहिला दात हिरडीतून वर येतो. पुढे बाळ रात्री रडू लागले, की साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन त्याला निजविण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. झोपेत लाळ कमी सुटते, गोड दूध दातांभोवती साचून राहते, आणि वरचे पुढचे दात दोन-तीन वर्षांतच काळे पडतात. बाळाला हवी असते आईची मांडी, आजीचे थोपटणे आणि ओळखीचा आवाज. आपण त्याच्या हाती देतो साखर.

दुसरी पायरी शाळेत जाणाऱ्या मुलाची. मला काय करता येते, हे त्याला सिद्ध करावयाचे असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजून आईबाप तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. आणि जन्मभर चघळण्याचे काम जिच्यावर, तीच दाढ दहाव्या वर्षी काढण्याची पाळी येते. मुलाच्या हाती ब्रश द्यावा, त्याच्या कर्तृत्वाचे कौतुकही करावे. परंतु सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा.

तिसरी पायरी तरुणाची, आणि आजच्या भाषणाचे खरे कारण तीच होय. 'मी कोण?' हा त्या वयाचा प्रश्न. घरात ज्याला कोणी मोठा मानीत नाही, त्याला पानाच्या टपरीपुढचे मित्र मोठा मानतात. त्या मोठेपणाची खूण म्हणजे सुपारीची पुडी, मावा किंवा गुटखा. १९५२ साली श्वार्ट्झ या संशोधकाने केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंड आखडण्याचा रोग नोंदविला, आणि पुढच्याच वर्षी डॉ. जोशी यांनी तो आपल्या देशातील रुग्णांत वर्णिला. यालाच सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. आधी तिखट सोसेनासे होते, मग गालाची आतली त्वचा पांढुरकी पडते, नंतर तेथे दोरीसारखे ताठ पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. पहिल्या पायरीवर सुपारी सोडली तर रोग पुष्कळदा तेथेच थांबतो. परंतु एकदा झालेले पट्टे सहसा विरत नाहीत. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा त्यांपैकी ५ जणांना कर्करोग झाल्याचे आढळले. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी पुडी मुलांपर्यंत पोचतेच, हे येथे बसलेल्या कोणत्या पित्यास ठाऊक नाही?

एका साखरपुड्याचा प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. नियोजित वराला पेढा भरविण्यासाठी सुवासिनीने हात पुढे केला, आणि त्याचे तोंड एका बोटाहून अधिक उघडेना. मंडळी हसली, त्यांना ती थट्टा वाटली. त्याच्या आईने मात्र मान खाली घातली. तिला ते वर्षभर ठाऊक होते, पण स्थळे येण्याच्या दिवसांत बोभाटा नको म्हणून तिने कोणास सांगितले नव्हते. रोग मुका होता आणि घरही मुके झाले होते.

चौथी पायरी प्रपंचातील स्त्री-पुरुषांची. इतरांसाठी झिजण्याचे हे वय. पहाटे मिश्री लावीत बसणे हाच जिचा दिवसातील स्वतःचा वेळ, तिच्यावर नुसते रागावून मिश्री सुटत नाही. घराने तिला दुसरा निवांत वेळ दिला पाहिजे. हिरडीतून रक्त येते तोवर रोग बरा होण्याजोगा असतो. खालचे हाड झिजले की ते पूर्ववत होणे कठीण. पुढे दात पडू लागले की 'वयच झाले' असे म्हणून आपण समाधान करून घेतो. वास्तविक दात वयाने पडत नाहीत, दुर्लक्षित रोगाने पडतात. आणि ज्या आजोबांना चावता येत नाही ते हळूहळू पंगत टाळतात, बोलणे टाळतात. त्यांची कवळी हा केवळ खाण्याचा नव्हे, चार माणसांत बसण्याचा प्रश्न आहे.

आता मंडळापुढे आमची विनंती. ज्या समारंभात आपण मुलांचा गौरव करतो, त्याच समारंभात सुगंधी सुपारीचे तबक त्यांच्यापुढून फिरते. ते तबक आम्हीही अनेक वर्षे हौसेने फिरविले आहे. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर टाकीत नाही. पूजेतील सुपारी गणेशाचे प्रतीक आहे, ती पूजेत सुखेनैव राहो. परंतु स्वागताच्या तबकात यापुढे बडीशेप, धणाडाळ आणि खडीसाखरेचे चार खडे असावेत, असा ठराव आजच व्हावा. दुसरे असे, की आज घरी गेल्यावर प्रत्येकाने स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात काय ते पाहावे. ती जात नसतील, किंवा तोंडात लाल अथवा पांढरा चट्टा वा जखम दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर संकोच न करता घाटीच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात जावे. आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरापासून थोड्याच अंतरावर असलेली ही सोय आपण केवळ लाजेपोटी वापरीत नाही.

आणि तिसरी विनंती घरातील वडीलधाऱ्यांना. मुलाच्या खिशात पुडी सापडली तर प्रथम हात उगारू नका. त्याला घरातले एखादे जबाबदारीचे काम सांगा, त्याचे मत विचारा. त्याचा मोठेपणा घरात मान्य झाला, तर तो शोधण्यासाठी त्याला टपरीपर्यंत जावे लागणार नाही.