हरभऱ्याचे रान जूनमध्येच ठरवा
(परळ, मुंबई येथील बैठकीतील भाषण)



परळात उभे राहायचे तर कापसावर बोलावे. आपल्या कापसाचे सूत याच गिरणगावात निघायचे. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा थांबत गेला, आता त्या जागांवर मनोरे आहेत. पण आज आम्ही बोलणार हरभऱ्यावर. कोरडवाहू शेतात हरभरा कधी पेरायचा ते कापूसच ठरवतो, म्हणून.

आमच्याकडे शेतीची पदवी आहे, तरी हरभऱ्याची वेळ सांगायला नक्षत्रे पुरतात. जिरायत हरभरा हस्ताच्या ओलीवर पेरावा, फार तर चित्राचे पहिले दिवस. विद्यापीठही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हेच सांगते. पाणी असेल तर १० नोव्हेंबरपर्यंत चालते. ‘विजय’ जिरायतीत ८५ ते ९० दिवसांत निघतो. हस्तात पेरला तर फूल नोव्हेंबरात, घाटे थंडीत, काढणी संक्रांतीच्या आत.

आपल्याकडे काय होते? वेचण्या झाल्या तरी फरदडीच्या आशेने पऱ्हाटी उभी. रान मोकळे व्हायला डिसेंबर उजाडतो. मग पेरलेला हरभरा थंडीत सावकाश वाढतो आणि त्याचे घाटे भरायचे ते फेब्रुवारीच्या उन्हात.

हरभऱ्याचे परागीभवन फूल उमलण्याआधी, कळीतच होते. पारा ३५ अंशांवर गेला की पराग निकामी होऊ लागतो. शेत फुललेले दिसते, घाटा लागत नाही. जो लागतो त्याला भरायला दिवस मिळत नाहीत, दाणा चिरमटतो. ओल संपून जमीन तापली की वर कोरडी मूळकूज. मग आपण दुकानात धावतो. दुकानदार काहीतरी देतोच, पण उन्हावर फवारणी नाही. २०२३ चा फेब्रुवारी १९०१ पासूनच्या तोवरच्या नोंदींत दिवसाच्या तापमानाने देशातला सर्वांत उष्ण ठरला. हे पुन्हा होणार हे धरून चला.

म्हणून गणपती उठले की पेरा, असेही नाही. तापलेल्या जमिनीत मर रोग जोर धरतो.

कापसाच्या रानात हस्त साधत नाही, हे उघड आहे. तेव्हा हरभऱ्याचे रान जूनमध्येच वेगळे ठरवा. मूग-उडदाचे सर्वांत चांगले. खरीप ज्वारीचे वेळेवर मोकळे होते, पण ज्वारी खालची ओल पिऊन गेलेली असते. पेरण्याआधी हातभर उकरून पाहा. आणि पाणी नसेल तर डिसेंबरात पऱ्हाटी उपटून तिथे हरभरा टाकूच नका, बियाणे घरात राहील. फरदडही ठेवू नका, ती गुलाबी बोंडअळी पोसते. पाणी असून उशीर झालाच, तर उष्णता सोसणारा वाण मागा. मध्य प्रदेशात उशिराच्या पेरणीसाठी जे.जी. १४ आहे. आपल्या दुकानांत असे बियाणे दसऱ्याआधी यावे, ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यातून गेली पाहिजे.

भावाचेही ऐका. मे २०२४ मध्ये सरकारने हरभऱ्यावरचे आयात शुल्क काढले, एप्रिल २०२५ पासून १० टक्के लावले. पिवळा वाटाणा तर डिसेंबर २०२३ पासून जवळपास दोन वर्षे बिनशुल्क उतरत होता. ऊन कोणाच्या हातात नाही. गोदी सरकारच्या हातात आहे, आणि ती इथून लांब नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात: पेरणीची तारीख, पहिले फूल दिसले ती तारीख, आणि एकरी उतारा.