संगणक मागे जात नाही तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्नरमध्ये संगणक दुरुस्तीचं काम मी पंचवीस वर्षं करतो आहे. दुकानात येणारी तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्याची असते, 'कालपर्यंत चांगला चालू होता.' आणि मागणीही ठरलेली, 'कालच्यासारखा करून द्या.' संगणकाला कालच्यासारखा करण्याची सोय खुद्द संगणकातच असते. तिला सिस्टम रिस्टोअर म्हणतात. ही सोय ऐन वेळी चालेनाशी होते तेव्हा काय करावं आणि काय करू नये, हे आज सांगायचं आहे. काय करू नये, हे मला २००८ सालच्या उन्हाळ्यात एका डेअरीच्या खोलीत नीट कळलं.

आधी ही सोय म्हणजे काय ते पाहू. विंडोज ९८ च्या काळात संगणक बिघडला की आमच्याकडे एकच औषध होतं, 'फॉरमॅट मारा.' म्हणजे पाटी पुसायची आणि पुन्हा श्रीगणेशा. २००० साली आलेल्या विंडोज मी या आवृत्तीत पहिल्यांदा रिस्टोअरची सोय आली आणि २००१ च्या एक्सपीमुळे ती घरोघरी पोचली. संगणक अधूनमधून, विशेषतः नवीन काही बसवण्याआधी, स्वतःच्या व्यवस्थेची नोंद करून ठेवतो. कोणते प्रोग्रॅम आहेत, कोणते ड्रायव्हर आहेत, रजिस्ट्री कशी आहे, वगैरे. या नोंदीला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. एक्सपीमध्ये कॅलेंडर उघडायचं आणि अशी नोंद असलेल्या तारखा ठळक दिसायच्या. तारीख निवडली की संगणक एकदा बंद होऊन चालू होई आणि त्या दिवशीच्या अवस्थेत जाई. जादूच वाटायची.

पण नीट ऐका, मागे जातो तो संगणक. तुमची कागदपत्रं नव्हे. माय डॉक्युमेंट्समधली पत्रं, हिशेब, फोटो यांना ही सोय हात लावत नाही. चुकून पुसलेली फाईल तारीख मागे नेऊन परत मिळेल, अशी आशा धरून येणारे लोक मला आजही भेटतात. घर दुरुस्त करणारा गवंडी हरवलेली अंगठी शोधून देत नाही, असं मी त्यांना सांगतो.

आता त्या डेअरीची गोष्ट. ओतूरच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला एक गाव आहे. तिथल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांचा संध्याकाळी फोन आला. 'भाऊ, संगणक मागच्या महिन्यावर न्यायचाय, पण जातच नाही. पाच वेळा करून पाह्यलं. दर वेळी म्हणतोय, जमत नाही, काही बदल झालेला नाही.' दोन दिवसांनी दुधाचा पगार होता. आमच्याकडे डेअरी दर दहा दिवसांनी पैसे देते, त्याला पगारच म्हणतात. गावातल्या शंभरावर घरांचं किराणा, खत आणि मुलांच्या फिया त्या पगारावर चालत. लिटर, फॅट आणि दर, सगळं संगणकात. कागदी रजिस्टर लिहिणं संस्थेनं वर्षभरापूर्वीच बंद केलं होतं.

मी मोटारसायकल काढली. त्या दिवसांत भारनियमन असं होतं की वीज कधी आहे हे विचारण्यापेक्षा कधी नाही हे विचारणं सोपं. डेअरीतला यूपीएस केव्हाच मेलेला, त्यामुळे वीज गेली की संगणक झटक्यात बंद. अण्णांचं निदान तयार होतं. चार दिवसांपूर्वी नवा प्रिंटर आणला, त्याची सीडी घातली आणि तेव्हापासून संगणक अडकायला लागला. म्हणजे दोष प्रिंटरचा. म्हणून प्रिंटर येण्याच्या आधीची तारीख गाठायची. तर्क बरोबर होता. मीही तोच धरून बसलो.

मागे जाण्यात अडथळा येण्याची कारणं दोन-चारच असतात. पहिलं म्हणजे जागा. या नोंदी ठेवायला डिस्कवर मोकळी जागा लागते. एक्सपीत ही सोय चालू राहायला किमान २०० एमबी हवी आणि मोकळी जागा ५० एमबीच्या खाली गेली की ती गुपचूप बंद पडे, जुन्या नोंदीही जात. डेअरीच्या संगणकाचा सी ड्राइव्ह गच्च भरला होता. का, ते डेस्कटॉपवर नजर टाकताच कळलं. रात्रपाळीच्या पोरांनी तिथे सिनेमे आणि वगनाट्यं साठवली होती. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. अण्णांचं नशीब की जागा अगदी तळाला गेलेली नव्हती, आणि तीन तारखा शिल्लक होत्या. मी सिनेमे पुसले. पोरं दारात उभी राहून बघत होती.

दुसरं कारण अँटिव्हायरस. हा गडी स्वतःच्या फाईलींना कोणाला हात लावू देत नाही, आणि लावू देऊ नये हेच बरोबर. पण रिस्टोअर करताना विंडोजला त्याही फाईली बदलायच्या असतात. मग दोघांची झटापट होते आणि विंडोज हात टेकतं. त्या काळी याच्या उलटही गंमत होती. व्हायरस जुन्या नोंदींमध्ये दडून बसे, तिथे अँटिव्हायरसला सफाई करता येत नसे, म्हणून जाणकार सल्ला देत की आधी सिस्टम रिस्टोअर बंद करा. बंद केलं की सगळ्या नोंदी पुसल्या जात. महिन्याभरानं तोच गृहस्थ विचारायचा, 'कॅलेंडरवर एकही तारीख कशी नाही?' असे सल्ले मीही दिले आहेत, आणि ती सोय पुन्हा चालू करून द्यायला विसरलोही आहे.

या झटापटीवर उपाय म्हणजे सेफ मोड. एक्सपीत संगणक सुरू होताना एफ ८ दाबायचं, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या सामानानिशी उठतं आणि अँटिव्हायरस सहसा झोपलेला राहतो. तिथून रिस्टोअर केलं की पुष्कळदा जमतं. फक्त एक सांगायला हवं. एरवी रिस्टोअर करताना संगणक आधी आत्ताच्या अवस्थेचीही नोंद करतो, म्हणजे पसंत पडलं नाही तर परत पुढे येता येतं. सेफ मोडमध्ये तो ही नोंद करत नाही. जाल ते जाल.

मी सेफ मोडमध्ये गेलो. तारीख निवडली. पुढचं बटण दाबणार, तेवढ्यात खोलीतला पंखा बंद पडला. वीज गेली नव्हती. कोणीतरी कंदिलाची खुंटी शोधताना पंख्याचं बटण दाबलं होतं. पण त्या शांततेत मला आवाज ऐकू आला. संगणकाच्या डब्यातून. टक, टक, थोडी उसंत, पुन्हा टक. पंख्याच्या घरघरीत तो इतका वेळ दबला होता.

हार्ड डिस्क मरायला टेकली होती. प्रिंटर निर्दोष. त्याची सीडी घातली त्याच सुमारास डिस्कचा काही भाग वाचेनासा झाला होता, एवढाच योगायोग. आणि रिस्टोअर होत नव्हतं, कारण जुन्या नोंदींतला काही भागही त्याच खराब जागेत होता. अण्णांनी पाच वेळा प्रयत्न केला तेव्हा प्रत्येक वेळी त्या मरणाऱ्या डिस्कवर हजारो फाईलींची उचलठेव झाली. सहावी वेळ माझ्या हातून होणार होती. मी संगणकाची पिनच काढली.

'आता?' अण्णांनी विचारलं.

'आता मागे जायचं नाही. आधी हिशेब बाहेर काढायचा.'

'बॅकअप आहे ना,' चेअरमन म्हणाले, आणि कपाटातून सीडी काढून दिली. ३१ मार्चची, ऑडिटसाठी काढलेली. आम्ही मे महिन्यात होतो.

खरी धडकी मला नंतर भरली. अण्णांना विचारलं की या दहा-बारा दिवसांत आणखी काय काय झालं. तर कळलं, प्रिंटरच्या आधी आठवडाभर, हिशेबाचा प्रोग्रॅम देणारा मुलगा येऊन नवी आवृत्ती बसवून गेला होता, नव्या दरतक्त्यासाठी. त्या आवृत्तीनं जुन्या सगळ्या फाईलींचा साचा बदलला होता. आणि आम्ही जी तारीख निवडली होती ती त्याच्याही आधीची. म्हणजे रिस्टोअर यशस्वी झालं असतं तर प्रोग्रॅम जुना झाला असता आणि हिशेब राहिला असता नव्या साच्यात. जुन्याला नवं वाचता येत नाही. सेफ मोडमुळे परतीची वाटही नाही. तरीही एखाद्यानं घाईत बटण दाबून 'हिशेब उघडा' म्हटलं असतं, आणि जुन्या प्रोग्रॅमनं त्या फाईलींवर काय लिहून ठेवलं असतं ते कोणी सांगावं! पाच वेळा 'जमत नाही' म्हणणाऱ्या त्या संगणकानंच डेअरीचा हिशेब राखला होता.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. संगणक मागे जात नाही म्हटलं की मी पहिल्यांदा कान लावतो आणि तुमचं जे आहे ते दुसरीकडे उतरवून घेतो. मग जागा, मग अँटिव्हायरस, मग सेफ मोड, मग दुसरी एखादी तारीख. कारण कधी कधी एकच नोंद नासलेली असते आणि तिच्या आधीची धडधाकट निघते. डिस्क तपासण्याचा आदेश असतो, चेक डिस्क नावाचा. तो फार उपयोगी, पण हिशेब उतरवून घेतल्यावरच चालवावा. कण्हणाऱ्या डिस्कला तो आदेश म्हणजे आजाऱ्याला शिवनेरी चढायला लावण्यासारखं आहे.

आज एक्सपी कोणी वापरू नये. त्याचे अद्ययावतीकरण एप्रिल २०१४ मध्येच थांबलं, आणि विंडोज १० चं सर्वसाधारण अद्ययावतीकरणही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. व्हिस्टापासून नोंद ठेवण्याची पद्धत बदलली, तरी आजार बहुतांश तेच राहिले. भर एकाची पडली. विंडोज १० आणि ११ असलेल्या पुष्कळ संगणकांवर ही सोय मुळात चालूच नसते. एकही तारीख दिसत नाही म्हणून लोक मला बोलावतात, आणि नोंद कधी केलेलीच नसते. आज घरी गेल्यावर स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असं टाइप करून सी ड्राइव्हपुढे 'ऑन' आहे की 'ऑफ' एवढं पाहा. चालू असली तरी नोंदी कायम राहत नाहीत. विंडोज ११ च्या २४ एच २ आवृत्तीत, जून २०२५ च्या अपडेटनंतर, त्या जास्तीत जास्त ६० दिवस राहतात. विंडोजच्या आतून मागे जाणं जमलं नाही तर शिफ्टची कळ दाबून धरून 'रिस्टार्ट' म्हणा. निळा पडदा येतो, त्यातल्या दुरुस्तीच्या पर्यायांत सिस्टम रिस्टोअर असतं आणि तिथे अँटिव्हायरस आडवा येत नाही. मात्र नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असेल तर तिथे ४८ आकडी किल्ली मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, आणि खातं मुलानं उघडलेलं असतं, आणि मुलगा पुण्याला असतो. तर ती किल्ली आधीच एका वहीत उतरवून ठेवा.

आता डेअरीचं पुढे काय झालं ते सांगतो. डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली, शर्टाच्या आत ठेवली आणि रात्री जुन्नरला निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस. आमच्या भागात रात्री उसाच्या कडेनं जाणाऱ्याचं लक्ष कशावर असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या रात्री मला बिबट्यापेक्षा खड्ड्यांची भीती जास्त होती. दुकानात अकराला वीज आली. जम्पर बदलून ती डिस्क माझ्या संगणकाला दुसरी म्हणून जोडली आणि फक्त माय डॉक्युमेंट्सचा फोल्डर उतरवायला घेतला. प्रोग्रॅम दिवसाची एक फाईल करायचा, हे फार बरं झालं. एकेक फाईल येत होती, मध्येच अडत होती. पहाटे तीनच्या सुमारास डिस्क गप्प झाली, ती कायमची.

चालू पगाराच्या दहा दिवसांपैकी सात दिवस आले होते.

सकाळी अण्णांनी देवळाच्या स्पीकरवरून पुकारा केला, की अमुक तीन दिवसांच्या दुधाच्या चिठ्ठ्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी डेअरीत आणाव्यात. मला वाटलं होतं, दहा-वीस येतील. चिठ्ठी कोण ठेवतं? दुपारपर्यंत टेबलावर ढीग झाला. आरशाच्या मागे खोचलेल्या, देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीखाली ठेवलेल्या, चंचीत घड्या पडून पानाचा वास लागलेल्या. काहींवरचे आकडे घामानं फिकट झाले होते, ते बायका तोंडपाठ सांगत होत्या. 'सोमवारी सकाळी साडेचार लिटर, फॅट चार-एक. म्हैस आटत आलीय ना.' अण्णा जुन्या पद्धतीनं रजिस्टरची पानं आखून लिहित होते आणि मी दुसऱ्या संगणकावर भरत होतो.

ज्यांच्या चिठ्ठ्या नव्हत्या त्यांच्या बाबतीत चेअरमननी आदल्या दिवसांची सरासरी धरली. त्यावर दोघांची तक्रार झाली, आणि ती खरी होती. त्यांच्या गायी नुकत्याच व्यायल्या होत्या, दूध वाढतं होतं. पुढच्या पगारात फरक दिला. पगार एक दिवस उशिरा झाला. कागदी रजिस्टर त्या डेअरीत नंतर कित्येक वर्षं संगणकाच्या शेजारी उघडं असायचं, आणि सिनेमे ठेवायला पोरांनी स्वतःच्या पैशानं पेन ड्राइव्ह घेतला.